स्वल्पविरामांची अंगाई

ता. ३ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

परीक्षा संपल्यापासून दुपारीही ताणून देतेस, हे वाचून तुझ्याशी अबोलाच धरावासा वाटला. इथे मुलगी झाल्यापासून मला सलग झोप नाही. पण खरे दुःख निराळेच. मी गाते, थोपटते, येरझाऱ्या घालते. ही टक्क जागी! तुझे भावोजी मात्र छापखान्यातली मुद्रिते तपासायला आणतात आणि सवयीने स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा मोठ्याने उच्चारत वाचतात. बाईसाहेब त्यांच्या मांडीवर लगेच गाढ! नऊ महिने ओझे वाहिले मी, आणि पसंत पडला पूर्णविराम.

काल असा जळफळाट झाला की निजलेल्या मुलीला मी उचलून घेतले. ती उठली. आता निजवीन तर मीच, म्हणून खिडकीशी उभी राहिले आणि उभ्याउभ्याच डुलकी लागली. ती हातातून निसटली, ह्यांनी झेलली. रागावले नाहीत, म्हणून मलाच अधिक राग आला. आईला कळवू नकोस.

तुझी ताई


ता. ७ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईला कळवले नाही. परंतु त्या ओझ्याने माझीही झोप उडाली, तेव्हा माझा हेवा तूर्त थांबव. हेव्याचा हक्क वस्तुतः माझा आहे. इथे तुझी खाट रिकामी आहे, आणि तुझ्या पत्रांत 'ती' एवढी भरून असते की 'तू कशी आहेस' हे विचारायला जागा उरत नाही.

एक विनंती. मूल निसटले, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. भावोजी वाचू लागले की त्यांच्याशेजारी आडवी हो. कंटाळवाण्या मजकुराने तुला झोप लागते. इतिहासाच्या पुस्तकावर लाळ कोणाची सांडली होती?

लोभातला माझा वाटा कमी होऊ देऊ नये.

तुझी धाकटी


ता. १२ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

आधी हे सांग, तू कशी आहेस?

तुझे ऐकले. पाणीपुरवठ्याच्या अहवालातल्या तिसऱ्या स्वल्पविरामापुढचे मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आले होते. ह्यांचा घसा बसला होता, तरी वाचन चालूच. अहवाल संपवून पुन्हा पहिल्या पानापासून. मुलगी तर केव्हाची जागी होती, न रडता त्यांच्या ओठांकडे पाहत. माझ्याकडे नाहीच! तिला उचलायला हात पुढे गेलासुद्धा. मग ध्यानात आले, ती जागी आहे, तर हे वाचताहेत कोणासाठी?

मी हात मागे घेतला, डोळे मिटले आणि अजून झोपेतच असल्याचे सोंग केले. आता थोडा हेवा तिने करावा.

तुझी ताई