शेवटच्या वळणावरची बुढी

अकोला. रविवार, संध्याकाळ.

करमणूक बागेत गाडीत बसून पाहायच्या भूतबंगल्यातली पांढऱ्या लुगड्यातली बुढीची बाहुली काढून तिथं अंतराळ दाखवायचं मालकानं ठरवलं आणि आम्हा चाहत्यांत दोन तट पडले. काही म्हणतात, विधवेला भूत म्हणून कशाला दाखवता? मी बुढी राखणाऱ्यांचा पुढारी! लहानपणापासूनची रीतच आहे, शेवटच्या वळणावर ती दिसली की सगळ्या गाडीनं ओरडायचं, "पळा रे, पांढरी आली!"

आज दोन्ही तटांच्या सभेआधी मायला पहिल्यांदाच त्या गाडीत बसवलं. वळण आलं आणि मीही सवयीनं ओरडलो. माय शेजारीच होती, पांढऱ्या लुगड्यात. कसा ओरडलो मी?

उतरल्यावर सभेत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्यं लुगडंबी असंच हाये. तिले काढू नका, लाल लुगडं नेसवा. मंग पाहू कोन भेते ते."

माझी मान आधी खाली गेली. मग वाटलं, ओरडून सांगावं, ही माझी माय!

घरी येताच तिनं पेटीतलं लाल लुगडं काढलं. बाबा गेल्यापासून त्याची घडी मोडली नव्हती.

"बुढीसाठी काय?" मी विचारलं.

"तिच्यासाठी काहून? माह्यासाठी. मले आनखी एकडाव त्या गाडीत बसाचं हाये."