सतरा क्रमांकाची थैली

मी, मार्था यशवंत सोनकांबळे, वय वर्षे ६८, धंदा शिवणकाम, धर्माने कॅथलिक, राहणार लातूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, मला हवा म्हणून. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. दाखल्यात माझे वजन फार उतरल्याचेही लिहिले आहे. त्याचा बुद्धीशी संबंध नाही.

१. मला मूल नाही. पती यशवंत २००९ साली वारले. जवळची म्हणावी अशी बहिणीची मुलगी वर्षाराणी आहे. ती नांदेडला परिचारिका आहे. माझे दोन खोल्यांचे घर आणि पुढचे अंगण तिला मिळावे. अट कलम ६ मध्ये आहे. ती हसेल. हसावे, पण अट पाळावी. पाळायची नसेल तर घर चर्चला जावे.

२. शिलाई मशीन चर्चच्या शिवणवर्गाला द्यावी. पट्टा सैल आहे, तो आधी बदलावा. बँकेत आहे ते माझ्या अंत्यविधीला पुरेल. पेटी साधी करावी.

३. ताणकाटा शलमोन मास्तरांना द्यावा. कारण लिहिते.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आमच्याकडे मूठथैलीची रीत आहे. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, प्रत्येक घराला मी शिवलेली एक थैली मिळते. तिच्यावर लाल दोऱ्याने घराचा क्रमांक असतो. रोज दळणातून एक मूठ ज्वारी थैलीत टाकायची. ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा; त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, थैल्या माझ्याकडे जमा होतात. पवित्र आठवड्यात ते धान्य गरजू घरांना गुपचूप जाते. कोणाकडे द्यायचे ती यादी फादरांनी माझ्यावर सोपवली होती.

शलमोन मास्तर धर्मशिक्षक. ते थैल्यांचे वजन करीत आणि रविवारी वेदीजवळून वाचून दाखवीत. सर्वांत जड थैली नेहमी सतरा क्रमांकाची असे. ती सुंदरा घोडकेची. विधवा, एकटी. कडबा कापण्याच्या यंत्रात उजव्या हाताची दोन बोटे गेलेली. मास्तर म्हणत, "तीन बोटांची मूठ बघा, आन् आपली बघा." लोक खाली पाहत. सुंदराही खाली पाही. मास्तरांना वजन वाचायची आवड आहे, म्हणून काटा त्यांना.

४. या कलमाने कोणाला काही मिळत नाही. तरी ते वाचावे.

२०१६ साली पाणी नव्हते, काम नव्हते. यादी करताना मी सुंदराचे नाव लिहिले आणि खोडले. जिची थैली एवढी भरते तिच्या घरी धान्य असणार, असा मी हिशेब केला. शनिवारी दुपारी ती थैली घेऊन आली.

"धर गं मार्था. हात दुखून राहिला."

"यंदाबी लई भरली की."

"मास्तर नाव घेतेत. कमी कशी आणू?"

ती उंबऱ्यापाशी थांबली. मी पाणी दिले. ते तिने बसून प्यायले. एरवी कोणी दारात आले की आम्ही पहिल्यांदा विचारतो, जेवलीस का. पण उपवासकाळात आमच्या वस्तीत हे विचारत नाहीत. कोणाचा उपवास आहे हे बाहेर पडू नये, म्हणून जुन्या फादरांनी घालून दिलेला नियम. प्रश्न माझ्या तोंडात आला. मी तो गिळला.

रविवारी ती मिरवणुकीत दिसली नाही. आम्ही दार ढकलले. ती वारली होती. घरात तवा धुऊन पालथा घातलेला होता. डबे रिकामे होते. एकाही डब्यात दाणा नव्हता, नुसती धूळ होती. ती थैलीत आपलेच जेवण भरत होती.

तिच्या शवपेटीत उशाला मी सतरा क्रमांकाची थैली रिकामी करून ठेवली. माझ्या हाताने. खिळे मारताना मी तिथेच होते.

५. पुढच्या वर्षी झावळ्यांच्या आदल्या शनिवारी, भर दुपारी, गल्लीत माणूस नसताना, कडी वाजली. उंबऱ्यावर सतरा क्रमांकाची थैली होती. भरलेली. साताचा वाकडा टाका माझाच. मी तोंड सोडून पाहिले. वरची ज्वारी हाताने दाबून बसवलेली होती. ठसा तीन बोटांचा होता.

तेव्हापासून नऊ वर्षे ती येते. रिकामी करून मी थैली ट्रंकेत कुलूप लावून ठेवते. राखेच्या बुधवारी ती ट्रंकेत नसते. ज्वारी मी कोणाला दिली नाही. देऊ कशी? ती पत्र्याच्या कोठीत आहे. नऊ वर्षांत तिला कीड लागलेली नाही. शेजारीण कमलम्मा एकदा कोठीत हात घालून म्हणाली, "अक्का, किडा न्हाई की भुसा न्हाई. ही ज्वारी हाय का काय हाय?" मग हात पदराला पुसला. दर उपवासकाळात मला जेवण जात नाही, हेही तिला ठाऊक आहे. "तुमच्यात हा उपवास असतो का उपासमार?" असे ती दरवर्षी विचारते.

कोठीतील ज्वारी वाटू नये, विकू नये, दळू नये. कोठी माझ्याबरोबर पुरावी.

६. घराची अट. दरवर्षी त्या शनिवारी दुपारी वर्षाराणीने या घरात असावे. कडी वाजली की दार उघडण्याआधी मोठ्याने विचारावे, "जेवलीस का, सुंदरा?" मला नऊ वर्षांत हे जमलेले नाही. दरवेळी मी दाराच्या आत उभी राहते. बाहेर कोणी उभे आहे हे कळते. ती थांबते, मग जाते. उत्तर येईल या भीतीने मी विचारत नाही.

उद्या शनिवार आहे. यंदा विचारायलाच हवे. पुढच्या वर्षी मी असेन, असे डॉक्टरांना वाटत नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

मार्था यशवंत सोनकांबळे

आमच्यासमक्ष सही झाली. साक्षीदार:
१) कमलम्मा, शेजारीण
२) बसलिंगप्पा, किराणा दुकानदार

लातूर, शुक्रवार, दि. २७ मार्च २०२६

पुरवणी

कडी एकच्या सुमारास वाजली. मी विचारले.

बाहेरून सुंदराचा आवाज आला, "न्हाई. तू?"

मी म्हणाले, "न्हाई."

दार उघडले. थैली उंबऱ्यावर होती. रिकामी, घडी घातलेली.

म्हणून कलम ५ मधील शेवटची दोन वाक्ये रद्द करते. कोठीतील पायलीभर ज्वारी मी लगेच दळून आणवली. दोन भाकरी केल्या. एक उंबऱ्यावर ताटलीत ठेवली. एक मी खाल्ली. पूर्ण खाल्ली. उरलेली ज्वारी पवित्र आठवड्यात वाटावी आणि यादी करताना प्रत्येक घरी जाऊन विचारावे. नियम मोडला असे कोणी म्हटले तर माझे नाव सांगावे.

कलम ६ मधील अट कायम. फक्त चूल पेटलेली असावी.

मार्था यशवंत सोनकांबळे

साक्षीदार म्हणून लिहिते की मी अंगणात पापड वाळत घालून राहिले होते. कडी मी ऐकली. बोलणं एकाच बाईचं ऐकलं, अक्काचं. दारात कोणी दिसलं न्हाई. भाकरी कोणी नेली ते पाहिलं न्हाई. कुत्र्यानं नेली न्हाई, कुत्रं मी बांधून ठेवलं होतं.
कमलम्मा

बसलिंगप्पा (सही समोर झाली एवढ्यापुरता)

लातूर, शनिवार, दि. २८ मार्च २०२६