मशीनला आखाजी कळत नाही

३ मार्च

दहा वर्षांनी मी नसेन! मरणार नाही – माझं टेबल नसेल, एवढंच. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये आज हे जाहीर झालं. जाहीर करणारे किरण सर, पुण्याचे. मालकांचा, म्हणजे झुलालनानांचा मुलगा ललित त्यांना घेऊन आलाय. नानांनी तीस वर्षं बांधकामं घेतली, कधी हॉटेलात सभा घेतली नाही. आता मुलगा शिकून आलाय, मग काय!

विषय – ‘प्रकल्प व्यवस्थापन : २०३५’. मशीन म्हणे काम रखडायच्या आधीच सांगणार की ते रखडणार आहे. वेळापत्रक आखणारा माणूस तेव्हा टाइपरायटरसारखा दाखवायला ठेवतील. हे बोलताना माझ्याकडेच बघत होते. अख्ख्या कंपनीत वेळापत्रक आखणारी मी एकटी, दुसरीकडे कुठे बघणार म्हणा.

जेवणात भरीत-पुरी होती. दिवसभरातली तेवढीच गोष्ट खरी.

४ मार्च

ललितला हौस आलीय. रावेरला केळी भरून थंड ठेवायचं पॅकहाउस बांधतोय आपण, त्यावर परीक्षा घ्यायची म्हणतो. काम कधी पुरं होईल याची एक तारीख मशीन सांगेल, एक मी. ज्याची जवळची निघेल तो खरा.

मशीन म्हणालं २५ एप्रिल. मी म्हटलं १२ मे. मशीनने चार सेकंद घेतले. मी रात्रभर बसले, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

नाना नेहमीच्या शांतपणे म्हणाले, “ताई, मशीन जिंकलं तर हे टेबल बंद करू. तुम्ही पिंपळनेरच्या साइटवर स्टोअर सांभाळा.” काढत नाहीत मला, मान देतायत! इथे पिंप्राळ्यात घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून मी इतक्या लांब पिंपळनेरला सिमेंटच्या गोण्या मोजायच्या? म्हणजे नोकरी सोडायचीच. नानांना हे ठाऊक आहे. म्हणूनच आवाज इतका गोड होता.

११ मार्च

रावेरला जाऊन आले. रस्ताभर केळीचे ट्रक, धूळ नाकातोंडात.

मुकादम मगनच्या फोनमध्ये नवीन ॲप बसवून दिलंय. रोज संध्याकाळी फोटो टाकायचे, आणि किती टक्के झालं ते भरायचं. वर मशीनची तारीख झळकते, २५ एप्रिल. आज त्याने एकाच भिंतीचे पाच फोटो काढले. एक उभा राहून, एक बसून, एक पाटी वाहणाऱ्या भुरीबाईला बाजूला सारून. ऑफिसात पडद्यावर हिरवा दिवा लागला!

मी विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, “ताई, त्या मशीनले फोटू जोयजे, काम नही.” किरण सरांच्या तीन तासांपेक्षा हे बरं.

१२ मार्च

पडदा म्हणतो भिंत १०४ टक्के झाली.

२३ मार्च

बैठक. पुढच्या आठवड्यातल्या बैठकीची तयारी करायला. २०३५ सालचं माझंही भाकीत लिहून ठेवते, फी न घेता – बैठका असतीलच. मुकादम फोन उचलणार नाही. वाळूचा डंपर ‘निघालाय’ असेल. आणि पुण्याहून कुणीतरी येऊन २०५० बद्दल बोलेल.

शेवटी किरण सरांनी सगळ्यांना विचारलं, इथल्या काही स्थानिक सुट्ट्या मशीनला सांगायच्या राहिल्यात का? यादी पडद्यावर होती. दिवाळी भरपूर, होळी आहे. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया – एक दिवस!

एक दिवस. मगनची सगळी माणसं पिंपळनेरकडची. आखाजीला ती गावी जातात ती आठवडा-पंधरवडा उगवत नाहीत. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरुष पत्ते कुटतात, मजुरांचे वर्षाचे करारही तेव्हाच मोडतात आणि जुळतात. खानदेशात बांधकाम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ललितला ठाऊक नाही कारण तो तेव्हा दर वर्षी हॉस्टेलवर. नाना बैठकीत डुलक्या घेत होते.

मी गप्प बसले. छान वाटलं, का खोटं लिहू? ज्याला भविष्य दिसतं त्याला कॅलेंडर मी का दाखवायचं?

२ एप्रिल

काम भलतंच पुढे आहे. आतल्या थंड खोल्यांची पॅनेलं बसली, आता फरशीचं काँक्रीट आणि ट्रक लागायचा उतार राहिला. ललित येता-जाता माझ्या टेबलाकडे असा बघतो, जसं माप घेतोय.

रावेरला मगनवर उगाच भडकले. त्याचा दोष काही नव्हता, उताराच्या भरावावर पाणी मारायचं राहिलं होतं फक्त. बोलता बोलता तोंडातून गेलं – तुला काय, या तारखेवर माझी खुर्ची टांगलीय! कुठल्या तारखेवर ते मी सांगितलं नाही, कसं सांगणार? त्याने पाइप उचलला आणि पाणी मारायला लागला. भुरीबाई हातातली पाटी तशीच धरून ऐकत उभी होती.

संध्याकाळपर्यंत वाईट वाटत राहिलं. त्यांच्यापुढे कशाला बोलले?

१६ एप्रिल

मगनला फोन केला. आखाजीला कधी निघताय, एवढंच विचारायचं होतं. खरं म्हणजे खात्री करून घ्यायची होती. तर म्हणतो, “ताई, चिंता नका करा.” याच्या चिंता नका करा-ला काही अर्थ नसतो. स्लॅब कोसळला तरी हेच म्हणेल.

१९ एप्रिल, आखाजी

घागर पुजली, वर खरबूज ठेवलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस. सासूबाईंना दोन घास भरवले, त्यांनी आज चक्क तिसरा मागितला.

दुपारी फोनवर पडदा उघडून बघितला. हिरवा! उतार ७० टक्के! आखाजीच्या दिवशी! भुतं काम करतायत की काय रावेरला? एकटीच हसले. जुने फोटो फिरवून टाकतोय मगन, गावाकडे झोक्याखाली बसून.

२२ एप्रिल

चोरी पकडायला मुद्दाम रावेरला गेले. ललितलाही चल म्हटलं होतं, बरं झालं आला नाही.

सगळे तिथेच होते. एकही माणूस गेलेला नाही. फरशी झालेली, उताराची शेवटची पट्टी ओतत होते. भुरीबाईसुद्धा होती – एकदा कडेवर ताप आलेलं पोर घेऊन माहेरी गेली, पण आखाजी चुकवली नाही, ती बाई!

ललितने दुप्पट रोज कबूल केला असणार. मगनही विकला गेला. दहा वर्षं याच्या पोरांच्या शाळेचे दाखले मी काढून दिले, आणि हा असा! त्याने चहा आणला. मी घेतला नाही. तशीच गाडीत बसले, वाटभर रडू येत होतं.

२५ एप्रिल

काम सोपवलं. मशीनने सांगितलं त्याच दिवशी. किरण सर पडद्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. ललितला मी विचारलंच, रोज दुप्पट दिलास ना? तो गोंधळला. म्हणाला, “कसला दुप्पट रोज, ताई? नेहमीचाच.”

निघताना मगन गाडीपाशी आला, मागे भुरीबाई. तो म्हणाला, “तुमनी तारीख गाठी, ताई. आम्ही बठ्ठास्नी आखाजी सोडी दिधी. खुर्ची वाचनी ना?”

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, हो, वाचली.