ते माझ्यापाशीच राहू द्या

३ मार्च

आजही तेच. चित्रांची कार्डं मांडली – कप, किल्ली, खिडकी – आणि वकीलबाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता माझ्या अंगठीवर बोट ठेवलं. "नवरा?"

पक्षाघातानंतर आमच्या रुग्णालयात दाखल झालेल्या या बाईंच्या तोंडून 'पाणी' निघत नाही. 'खिडकी' निघत नाही. पोटच्या मुलाचं नाव निघत नाही. 'नवरा' मात्र निघतो, आणि तोही प्रश्नचिन्हासकट! समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत; वाचाघात म्हणतात तो हाच. उभा जन्म कोर्टात उलटतपासणी करण्यात गेला. मेंदूतलं बाकी सारं कोसळलं, तेवढी एक भिंत उभी राहिलेली दिसते.

"आपण कार्ड बघू या," मी म्हटलं.

"नवरा. कुठे?"

दोन शब्द सलग. आमच्या वाचोपचाराच्या शास्त्राप्रमाणे ही प्रगती. रुग्णाला शाबासकी देणं भाग असतं. "छान," मी म्हटलं. दात-ओठ खाऊन 'छान' म्हणण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

५ मार्च

"मुलं?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी कार्डांचा गठ्ठा शांतपणे माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा विचारलं. साक्षीदार टाळाटाळ करतोय असा चेहरा!

नवरा 'काही दिवसांसाठी' वेगळा राहायला गेला त्याला आठ महिने झाले. विभागात मी 'त्याची बदली झाली' एवढंच सांगून ठेवलं आहे. ते एक वाक्य सर्वांना पुरलं. फक्त या बाईंना पुरत नाही, आणि त्यांच्यापाशी तर स्वतःचं असं अर्धंही वाक्य नाही.

६ मार्च

प्रश्न नीट हाताळायला हवा. चिडणं हा अशिक्षितपणा झाला. 'हा प्रश्न वैयक्तिक आहे' – सरकारी नोटीस वाटते. 'माफ करा, सांगू शकत नाही' – माफी मी कशाबद्दल मागू? 'जाऊ द्या हो ते' – यात सांगण्यासारखं काहीतरी आहे अशी कबुलीच आली. संध्याकाळभर घासून-पुसून शेवटी हे जमलं: 'विचारलंत, बरं वाटलं. पण ते माझ्यापाशीच राहू द्या.'

आधी आदर, मग दार. स्पष्टीकरण नाही, खंत नाही. प्रत्येक वेळी हेच, याच सुरात, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

१० मार्च

वकीलबाईंचा मुलगा भेटायला आला. परगावी असतो. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. "मॅडम, आईला इथे एकटं ठेवून मला तिकडे झोप लागत नाही. माझ्या घराजवळ एक चांगलं वृद्धनिवास आहे. इथलं घर बंद करतो."

बाईंनी जोरात मान हलवली.

"ही मान तुम्ही खरी धरू नका," तो म्हणाला. "चहा हवा का विचारलं तरी अशीच हलवते. आणि मग दोन कप पिते."

दुर्दैवाने खरं आहे. या आजारात हो-नाहीची मान फसवी असते. आमच्या विभागप्रमुखांनी तोडगा काढला: अठ्ठावीस तारखेला सगळे एकत्र बसू. बाईंनी स्वतःच्या तोंडाने, कळेल असं सांगितलं तर त्या घरीच राहतील, दिवसभराची मदतनीस ठेवून. नाही सांगता आलं तर मुलगा घेऊन जाईल. मुलाने मान्य केलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

जबाबदारी माझी. वाक्य ठरलं: 'मला माझ्या घरी राहायचं आहे.' पाच शब्द. एवढंच.

१३ मार्च

पद्धत जुनीच आणि खात्रीची: रुग्णाचा डावा हात टेबलावर, त्यावर माझा हात, प्रत्येक शब्दाला एक थाप, शब्द किंचित गाण्यासारखे लांबवायचे. बोलता न येणारा माणूसही कधी कधी गाऊ शकतो. त्या वाटेने शब्द बाहेर काढायचे.

मला – माझ्या – घरी –

"नवरा?"

मी माझं वाक्य म्हटलं. सुरात. चेहऱ्यावर ठरलेलं स्मित.

१७ मार्च

तासाभरात 'मला माझ्या' इथपर्यंत पोचलो. मग बाईंनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं. "एकीचा?"

एकीचा! नवा शब्द, अचूक रूप, अचूक निशाणा. मी डब्याचं झाकण लावलं, वाक्य म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून – ही म्हण कुणी तरी या बाईंना पाहूनच रचली असणार.

१९ मार्च

ताईचा फोन. सगळं माहीत असलेली ती एकटी. "परत येणार आहे का गं तो? की नुसतीच वाट बघत बसणार आहेस?"

"विचारलंस, बरं वाटलं," मी म्हटलं. "पण ते माझ्यापाशीच राहू दे."

पलीकडून: "पेशंट समजलीस की काय मला?"

फोन तिने ठेवला.

२१ मार्च

"कधीपासून?"

वाक्य. थाप. स्मित.

२४ मार्च

चार दिवस उरले आणि 'घरी'च्या पुढे गाडी सरकत नाही. आज मी आवाज चढवला. बाहेर ऐकू गेला असावा, कारण विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले. "काय म्हणतात आमच्या वकीलबाई?"

"प्रश्न विचारतात," मी म्हटलं.

"मग उत्तरं द्या की," ते हसत म्हणाले आणि गेले. विनोदबुद्धी ही माणसाला पदाबरोबर मिळते अशी त्यांची समजूत आहे.

२७ मार्च

मला माझ्या घरी रा... रा... मग हुंदका. डाव्या हाताने त्यांनी टेबलावरची सगळी कार्डं खाली ढकलून दिली. मी गोळा केली. जाताना दारातून: "रात्री. एकट्या?"

उद्या त्यांचं घर जाणार आहे आणि चौकशी माझ्या रात्रीची! वाक्य म्हटलं. या वेळी स्मित जमलं नाही.

२८ मार्च

क्रमाने लिहिते.

विभागप्रमुख, मुलगा, बाई, मी. मी बाईंचा डावा हात हातात घेणार, तोच मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही हात लावायचा नाही. तिचं तिला बोलू दे." रास्त होतं. मी मागे सरले.

तो खुर्ची ओढून आईच्या पुढ्यात बसला. "आई, त्या घरात एकटीने का राहायचंय तुला? पडलीस तर कोण उचलणार? माझ्याकडे यायला काय हरकत आहे? एक कारण सांग, फक्त एक."

बाईंचे ओठ हलले. "म... मला..." बस्स. मग त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि स्वतःच थाप दिली.

"विचारलंत – बरं – वाटलं. पण – ते – माझ्यापाशीच – राहू – द्या."

अखंड. एकही शब्द न गाळता. माझा सूर, माझी थाप, माझं स्मितसुद्धा!

"मला अहो-जाहो करतेस?" मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग कळलं. मीच शिकवलं होतं. शिकवायचं वाक्य रडतखडत, आणि टाळायचं वाक्य रोज, न चुकता, त्याच सुरात, त्यांच्या हातावर थाप देत. हात उचलायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"पोपटपंची आहे ही, साहेब."

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "पोपट कधी बोलायचं ते निवडत नाही. तुम्ही कारण विचारलंत, त्या देणार नाहीत. माझ्या वकिलाने याहून स्पष्ट उत्तर दिलेलं मला आठवत नाही. घरी जाऊ द्या त्यांना. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

मुलाने वाकून आईच्या पायातली सटकलेली चप्पल नीट केली. "मदतनीस मी निवडणार," म्हणाला. बाईंनी मान हलवली. होकार की नकार, देव जाणे.

अहवालात मी प्रामाणिकपणे लिहिलं: ठरवलेलं वाक्य साध्य झालं नाही.

३१ मार्च

बाई आता घरून येतात, मदतनीस दारापर्यंत सोडते. मला राहवलं नाही. कार्डं मांडता मांडता विचारलं, "खरं सांगा, एवढं काय आहे त्या घरात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात टेबलावर. थाप.

"विचारलंत, बरं वाटलं –"

पुढचं ऐकायच्या आधीच मला हसू फुटलं. त्याही हसल्या, वाकड्या झालेल्या ओठांच्या एका बाजूने. किती सभ्य वाक्य आहे ते. आणि समोरून ऐकताना किती गार!

२ एप्रिल

आज त्यांनी काहीच विचारलं नाही. डावा हात टेबलावर ठेवला आणि थांबल्या. मी त्यावर माझा हात ठेवला, आणि शब्दागणिक एक थाप देत म्हटलं: तो – आता – परत – येणार – नाही.