शटर पडत नाही

१८ नोव्हेंबर, सोमवार

कान्हे स्टेशनला उतरले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. बजरंगभाऊ स्वतः स्कूटर घेऊन आले. खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, वर माझी खोली. खिडकीतून कापलेल्या भाताचे सड दिसतात. नंदाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, भाकरी आणि मटकीची उसळ वर पाठवली. पुण्यातल्या दुकानात चार वर्षं कॅमेरे दुरुस्त केले, पण असं जेवण कुणी दिलं नव्हतं.

इथे लग्नांइतकंच ‘बोर्डाच्या फोटों’चं काम चालतं. आपण गेल्यावर चौकात लागणाऱ्या बोर्डासाठी म्हातारी माणसं आधीच ठेवणीतले कपडे घालून फोटो काढून जातात. पोरं नाहीतर लग्नाच्या घोळक्यातून तोंड कापून लावतात. बोर्ड छापायचं मशीनही दुकानातच आहे. सुरू झालं की वरची फरशी थरथरते.

या फोटोंसाठी भाऊंनी एकच जुना कॅमेरा ठेवलाय, आणि त्याचंच शटर पडत नाही. हा दुरुस्त झाला तर मी कायम.

१९ नोव्हेंबर

बॅटरी भरलेली, स्क्रीन सुरू, पण बटण दाबलं की काहीच नाही. कार्ड बदललं. लेन्स बसते तिथल्या पितळी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. दुसरी लेन्स लावली, फोकस हाताने केला. शेवटी लेन्स काढली, कॅमेऱ्याचं तोंड माझ्या डोळ्याकडे केलं आणि बटण दाबलं. आमची जुनी रीत. शटर उघडलं तर आतला सेन्सर हिरवट चमकून जातो. चमकला नाही.

दुपारी लोहगडवाडीच्या अंबूबाई आल्या. गडावर येणाऱ्यांना ताक विकतात. नऊवारी, नाकात नथ. मी तीनदा बटण दाबलं. त्या हसत उठल्या. म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे बाय. अजून लय ताक घुसळायचंय म्हण की.” गिऱ्हाईक परत गेलं तरी भाऊंचा चेहरा खुललेला. हे मला जरा खटकलं.

२१ नोव्हेंबर

कॅमेरा पूर्ण उघडला. मोटर बाहेरून वीज दिली की फिरते. पडदे सरळ, स्प्रिंग ठीक. बिघाड नाहीच.

भाऊंनी विचारलं, स्वतःकडे धरून बघते का. म्हटलं, रोज. मग विचारलं, चालला का. नाही म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. शटर न पडल्याचा चहा! त्यांना तो दुरुस्त व्हायलाच नको आहे. मला कायम करायचं नसेल. रात्री कुणी वायर काढत असेल म्हणून स्क्रूंवर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत.

२३ नोव्हेंबर

ठिपके जागच्या जागी.

आज टाकव्याचे श्रीपतीआबा आले. धडधाकट, पांढरा फेटा, मिशीला पीळ. पहिल्याच दाबाला शटर पडलं! आनंदानं मी टाळीच वाजवली. आबांनी फेटा काढला आणि विचारलं, “पडलं न्हवं?” मी हो म्हटलं. भाऊंनी पुढे होऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

आबांनंतर मी स्वतःवर धरून पाहिला. पुन्हा बंद.

२५ नोव्हेंबर

सकाळीच मशीनवर बोर्ड छापलेला दिसला. श्रीपतीआबा, मीच काढलेला फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

आबा गेल्याचा फोन दुपारी आला.

सकाळी छापला. दुपारी फोन. भाऊंना आधीच कसं कळलं? कुणी काही दिलं का आबांना? जेवण आलं होतं. मी जेवले नाही.

२६ नोव्हेंबर

सरळ विचारलं. भाऊंनी दुकानाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “म्हातारी माणसं हितं फोटो काढाया न्हाई येत, पोरी. इचाराया येत्यात.”

शटर पडलं की माणूस घरी जाऊन निरवानिरव करतो. नाही पडलं तर हसत ताक घुसळायला जातो. आजूबाजूच्या वाड्यांना सगळं माहीत आहे. कॅमेरा फोडून टाकावा म्हटलं तर तेच लोक फोडू देत नाहीत. माझ्याआधीचा मिस्त्री प्रज्ञेश. तोही रोज स्वतःकडे धरून बघायचा. एक दिवस पडलं.

मग मला का बोलावलं? तर म्हणे, पुण्याचं कुणीतरी बिघाड सापडला म्हणेल, अशी आशा होती.

उद्या सकाळच्या गाडीनं जाते.

२७ नोव्हेंबर, सकाळ

बॅग भरली. कॅमेरा वर माझ्याच टेबलावर राहिलाय. खाली नेऊन द्यायला हवा. पण एकदा बघते. आबांसारखं विचारून. नाही पडलं की निवांत जाता येईल.

नाही पडलं.

पुन्हा बघितलं. नाही.

गाडीत बसायच्या आधी आणखी एकदा— नको. बॅटरीच काढून टाकते.

काढली. मुठीत आहे. कॅमेरा टेबलावर, उघडं तोंड माझ्याकडे. वळवायला हात लावला, फक्त वळवायला—

हिरवं चमकलं.

आवाज झाला. खाली ऐकू गेला असेल? बॅटरी मुठीतच आहे. मुठीत. जुन्या मोटरीत वीज साठून राहते कधी कधी, असं आम्ही दुकानात— भाऊंना सांगते, हा बिघाड. खराखुरा बिघाड सापडला—

फरशी थरथरते आहे. खाली मशीन सुरू—