एकवीस पाट्या, बहुतेक चुकीच्या

मी, सिताराम बाबाजी पेडणेकर, वय सत्त्याहत्तर, तळोज्याच्या एका रंगकारखान्यातला निवृत्त भांडारपाल, राहणार नेरूळ, तळमजला, हे स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. अक्षर थोडे वाकडे येईल. डोके जागेवर आहे.

एक. राहते घर, आणि ही इमारत पाडल्यावर तिच्या जागी मिळेल ते घर, मुलगा स्वानंद याचे. उरणजवळच्या द्रोणागिरीतले घर सोडून तो इथे राहायला येईल असे वाटत नाही. त्याची मर्जी.

दोन. बँकेतली ठेव मुलगी ईश्वरी हिची. शालेय कवितांच्या माझ्या तीन वह्याही तिच्याच. लहानपणी मी तिला त्या चालीवर म्हणून झोपवत असे. हल्ली चाल आठवते, शब्द मधेच सुटतात.

तीन. खुरपे, झारी आणि चाळण कोणालाही द्यावी, फक्त सोसायटीचे सचिव अरविंद कुळकर्णी यांना नको. आमच्या अंगणावर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव त्यांनी दोनदा आणला होता. ते खाली साक्षीदार आहेत, तेव्हा वाचतीलच.

चार. मागच्या अंगणातले फुलांचे कंद. हे जरा लांबेल.

कंद माझी पत्नी कै. सरोजिनी हिने लावले. ज्याने कंद दिला त्याचे नाव ती आइस्क्रीमच्या काडीवर लिहून मातीत खोची. 'सुनयनाची गुलाबी', 'विजयमालाची पांढरी'. कवितेत नुसते फूल म्हटले तरी भागते, भांडारात भागत नाही. म्हणून एका उन्हाळ्यात, पाने वाळून जमीन मोकळी असताना, मी काड्या उपटल्या आणि पुस्तकात बघून एकवीस पत्र्याच्या पाट्या रंगवून लावल्या. मे-जूनमध्ये निशिगंधाच्या पाटीखाली लिली उगवली. लिलीच्या पाटीखाली लाल चेंडूफूल, मे फ्लॉवर म्हणतात ते. सरोजिनी म्हणाली, "राहू द्या. फुलांना थोडंच वाचता येतं?"

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती गेली. मे महिन्यात चेंडूफूल वेळेवर आले. मी बघत बसलो. काही वाटले नाही. अजूनही वाटत नाही.

पाच. हे सर्व कंद पहिल्या मजल्यावरच्या श्रीमती विजयमाला जाधव यांना द्यावेत. निम्म्याहून अधिक त्यांनीच दिलेले आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा भुईचाफा मी पानांवरून हळद समजलो, खणून काढला आणि वाळवण्यासाठी उकडला. वास घेऊन त्या खाली आल्या. "हळद न्हवं ती भावजी, भुईचाफा हाय. शिजवलासा की वो." मी म्हणालो, भांडारात माझी तीस वर्षे गेली, मला माल ओळखायला शिकवू नका. त्यानंतर त्या अंगणात उतरल्या नाहीत. तरी दर चैत्रात उघड्या मातीतून भुईचाफ्याचे फूल येते. विजयमालाबाईंनी सरोजिनीला दुसरा तुकडा गॅलरीतून दिला होता, हे मला तिच्या मागे कळले. चूक माझी होती.

इमारत डिसेंबरअखेर रिकामी करायची आहे, नंतर जेसीबी येईल. मी असो वा नसो, पाने पिवळी पडली की लगेच कंद काढावेत. धुऊ नयेत. सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवावेत. पाट्या बरोबर देऊ नयेत. झारीत सरोजिनीची एक काडी सापडली आहे, शाई उडून फक्त 'ची' उरले आहे. ती मात्र द्यावी.

सहा. ही व्यवस्था ईश्वरीने पाहावी.

सात. साक्षीदारांबद्दल. आज सकाळी विजयमालाबाई सहीला म्हणून आपणहून खाली आल्या. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले होते. म्हणून मी त्यांना नको म्हणालो.

"का? मला काय दिलंया?"

"कंद."

"कुठलं?"

"ते तुम्हीच सांगायचं."

त्या अंगणाच्या दारात गेल्या, चपला काढल्या आणि खाली उतरल्या. अजून तिथेच आहेत. म्हणून त्यांच्या जागी शेजारच्या सुचित्राताईंची सही घेतली.

लिहून देणार : सिताराम बाबाजी पेडणेकर (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. अरविंद कुळकर्णी (सही)
२. सुचित्रा म्हात्रे (सही)

नेरूळ, नवी मुंबई
दि. १६ नोव्हेंबर २०२५