सासूबाई दारात हुंगतात

२ तारीख, सोमवार
झालो एकदाचा घरजावई! लोक आयत्या बिळावर नागोबा म्हणोत, बीळ मात्र झकास आहे. माडीवरची खोली, खिडकीतून फळबाग, बागेत मधमाश्यांच्या चाळीस पेट्या. घरात तिघी: सासूबाई, नवऱ्याविना राहणारी थोरली मेहुणी आणि माझी ही. कारखाना बंद पडला, सख्ख्या भावाने दार लावलं, तेव्हापासून मी हिच्याच भरवशावर आहे. इथून निघालो तर जायला जागा नाही. तेव्हा पडेल ते काम करायचं ठरवलंय.

एक गंमत. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई दारात थांबवून हुंगतात. आधी मान, मग तळहात. भलता वास घेऊन कुणी पेट्यांजवळ गेलं तर माश्या बिथरतात म्हणे. मला हुंगून म्हणाल्या, साबण चालेल, माणूस बघू.

४, बुधवार
आज सासूबाईंनी पेटीचं दार दाखवलं. तिथे पहारेकरी माश्या असतात. फवारणीचं औषध लागलेली माशी वाट चुकत, थरथरत परतते. वासावरून ती ओळखू येते. मग तिला आत घेत नाहीत, दोघीतिघी मिळून पाय धरतात आणि लांब नेऊन टाकतात. मी विचारलं, बहीण असली तरी? त्या म्हणाल्या, बहीणच असते.

थोरल्या साडूंची चौकशी केली. बांधापलीकडे गेले, एवढंच कळलं. त्यांचे गमबूट मला नेमके बसतात.

७, शनिवार
कुंपणाकडच्या फुलं झडलेल्या झाडांवर मावा पडलाय, म्हणून औषध फवारलं. मेहुणीने बजावलं होतं, पंप शेडमागच्या खड्ड्यावरच धुवायचा. खड्डा लांब. नळाशी एक दगडी कुंडी आहे, तळाला गोटे, वर शेवाळ. गोटे काढले, उघड्या हातांनी कुंडीतच पंप खळखळून धुतला, गोटे परत होते तसे ठेवले. माझा उरक बघून तिघी गार होतील!

दारात सासूबाई जरा जास्त वेळ हुंगत राहिल्या.

८, रविवार
ही सहज बोलून गेली, कुंडी माश्यांच्या पाण्याची आहे. गोटे त्यांना बसायला, नाहीतर बुडतात बिचाऱ्या. कुंडी गुपचूप उपसली, पण पेट्यांसमोर माश्या पाठीवर पडून गरगरत होत्या. सांगावं तर घर जातं.

१०, मंगळवार
अकरा पेट्या मुक्या झाल्या. मेहुणी झाडूने माश्या गोळा करते, रडत नाही. कुणी केलं हे जेवताना कुणीच विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मीच शेजारच्या बागवाल्याला शिव्या घातल्या. हातातला पेला थरथरला. तिघींनी पेल्याकडे पाहिलं.

११, बुधवार
थरथरणारी एक माशी परत आली. पेटीच्या दारात दोघींनी तिला धरलं. ती भांडलीसुद्धा नाही.

बागेतून येताना वाट चुकलो. ऐंशी पावलांची वाट —

१२
हात चारदा धुतले. मला वास येत नाही, त्यांना येतो. सासूबाईंनी मान हुंगली, तळहात हुंगले, आणि दारातून बाजूला झाल्याच नाहीत. हिला म्हटलं, तू तरी सांग ना गं. तीही वाकली, तिनेही हुंगलं, आणि —

शेडमध्ये बसलोय. भीती वाटते.

१३, दुपार
अंगणातून ओरडून सगळं कबूल केलं. पंप, कुंडी, गोटे. सासूबाई म्हणाल्या, अंगाला औषध लागलंय हे त्याच दिवशी दारात कळलं होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही हाकललं? म्हणाल्या, तेव्हा हात थरथरत नव्हते, काम होत होतं.

तारीख
ऊन आहे. पायरी सापडली. कडी — कडी कुठल्या बाजूला असते?

आत तिघी गुणगुणताहेत.

दार उघडलं. ही हसली. शेवटी माझीच आहे ती —

गमबूट काढून घेतले. पुढच्याला होतील म्हणे. सासूबाईंनी पाय धरलेत. मेहुणीने डावा हात. आणि ही माझ्या उजव्या